रुसलेल्या पाहुण्यांचा कॅट

गारखेड्यात कुणालाही सांगून बघा, की अमक्याच्या पोरीनं चांगली नोकरी सोडली आणि आता ती दिवसभर पत्ते घेऊन बसते. समोरचा माणूस आधी इकडंतिकडं बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टरला दाखवलं का?" रत्नमालाबाईंना हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला होता, की त्यांनी शेवटी उत्तरच पाठ करून टाकलं होतं. "खेळत नाय हो ती, बनवते. नवीन खेळ. कंपन्या बनवतात ना, तसं. फक्त हिच्या कंपनीत ही एकटीच आहे."

आणि खरंच एकटीच होती बिचारी. संस्कृती तिचं नाव. आता संस्कृती नावाच्या पोरीनं पत्त्यांच्या धंद्यात पडावं, हा विनोद नातेवाइकांत प्रत्येकाचा करून झालाय, तुम्ही नका करू. चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत ती खोकल्याच्या औषधाची खोकी डिझाइन करायची. बाटलीचं चित्र, चमच्याचं चित्र, 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. वर्षानुवर्षं तेच. एके दिवशी तिनं खोक्याच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं, एक छोटी सापशिडी काढली. साहेबांनी ती पकडली. साहेब म्हणजे सर्जेराव सर, माणूस मिशीवाला पण मनानं लोणी. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "संस्कृती, तुझं लक्ष कुठं आहे?" आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं म्हणून तिनं राजीनामा दिला.

तेव्हापासून घरातला कोपरा न् कोपरा पत्त्यांनी भरला. चित्रं तीच काढणार, नियम तीच लिहिणार, कार्डशीटवर छापून कटरनं तीच कापणार, कोपरे तीच गोल करणार, इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकून त्याखाली "वा, मस्त!" असं बिनधास्त स्वतःच लिहिणार. शेटजीही तीच आणि हमालही तीच.

खेळाचं नाव होतं 'मानपान'. लग्नाचा मांडव. चौघं खेळणार, समोरासमोरचे दोघं जोडीदार, मेंढीकोटात असतात तसे. निम्मी पानं पाहुण्यांची: थोरली आत्या, मामा, रिटायर्ड मास्तर, आणि नवऱ्याकडचे ते एक काका, ज्यांना कुणीच ओळखत नाही पण जे प्रत्येक फोटोत असतात. निम्मी पानं मानाची: फेटा, शाल, पहिली पंगत, स्टेजवरचा फोटो, माइकवरून नाव. कुणाला काय शोभतं ते ठरलेलं. तुमच्या हातातला पाहुणा तुम्ही पालथा ठेवायचा, आणि जोडीदारानं न विचारता त्याला शोभेल तो मान टाकायचा. बरोबर पडला तर पाहुणा हसत जेवायला बसतो. चुकला तर रुसतो. आणि रुसलेला पाहुणा काय काय करू शकतो, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एक उठला की शेजारच्याला घेऊन उठतो, मांडव रिकामा होत जातो, आणि डाव जातो. एकच नियम कडक होता. जोडीदाराशी बोलायचं नाही आणि खुणाही करायच्या नाहीत.

खेळ तपासायला माणसं लागतात. ती घरातच होती. रत्नमालाबाई, शेजारच्या फॉल-पिको करणाऱ्या महेजबीन खाला, तळमजल्यावरच्या गोजरमावशी आणि त्यांची जाऊ लक्ष्मीबाई, अशी चौकडी रोज दुपारी मेंढीकोटाला बसायची. संस्कृती लहान असल्यापासून बसायची. तिला मात्र त्या सतरंजीवर कधी बसू दिलं नाही. "पत्त्यानं कुणाचं भलं झालंय? आत जाऊन अभ्यास कर," असं रत्नमालाबाई म्हणायच्या, आणि पुढच्या क्षणी हुकमाची दश्शी अशी आपटायच्या की आतल्या खोलीतली वही हलायची. आता त्याच सतरंजीवर पोरीचा खेळ आला. चौघी 'मानपान' खेळायच्या, संस्कृती बाजूला स्टुलावर लॅपटॉप घेऊन निकाल टिपायची, आणि काय खेळायच्या हो त्या! पहिल्याच दिवशी रंगल्या. महेजबीन खालांनी पाहुणा पालथा ठेवावा, रत्नमालाबाईंनी क्षणभर डोळे मिटावेत आणि नेमका फेटा टाकावा. पलीकडून लक्ष्मीबाईंनी मास्तर ठेवावा आणि गोजरमावशींनी बरोबर शाल काढावी. चुका व्हायच्या, पण बेतानं. प्रत्येक डाव शेवटच्या पानापर्यंत चालायचा आणि हरणारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

"पण तुम्ही ओळखता कसं?" संस्कृतीनं भारावून विचारलं होतं.

"मनं जुळली पायजेत," रत्नमालाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

"हौ, दिल की बात है," महेजबीन खाला म्हणाल्या.

पोरीनं ते खोक्यावर छापलं. 'मनं जुळली की मान जुळतो.' मोठ्या अक्षरांत. आता काय बोलावं.

रविवारी उस्मानपुऱ्यात खेळ लोकांसमोर मांडायचा होता. याह्या नावाचा तिचा शाळेतला वर्गमित्र तिथं कॅफे चालवायचा, त्यानं दुपार मोकळी ठेवली होती. आणि याच रविवारवर मायलेकींचा करार झाला होता. अनोळखी माणसांना खेळ आवडला, तर सोमवारी फाइल छापखान्यात. नाही आवडला, तर सोमवारी संस्कृती चिकलठाण्याला, जुन्या खुर्चीवर. सर्जेराव सरांनी ती खुर्ची अजून रिकामी ठेवली होती, आणि दर आठवड्याला ते फोन करून तसं सांगायचे. फोन पोरीनं उचलला नाही तर आईला करायचे. रत्नमालाबाईंना ते आवडायचं. "एवढा भला साहेब हाय," त्या म्हणायच्या, "असं कुणी थांबतं व्हय कुणासाठी?" करार त्यांनीच करून घेतला होता, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. संस्कृतीनं हसत हसत हो म्हटलं, कारण खेळ आवडणार याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. घरात रोज हास्याचे फवारे उडत होते की!

गुरुवारी ती सहज, अगदी सहज, तिच्या पत्त्यांचा एक कॅट घेऊन याह्याकडं गेली. कॉलेजची चार पोरं कोल्ड कॉफी पीत बसली होती. तिनं त्यांना नियम सांगितले आणि मागं उभी राहिली.

बाप रे बाप! पहिला पाहुणा रुसला. दुसरा रुसला. थोरल्या आत्याला कुणी फेटा बांधला, मामाला माइकवर बोलावलं, आणि मांडव असा रिकामा झाला की जणू जेवण संपल्याचं कुणी ओरडून सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. "पण आपल्याला कळणार कसं याच्याकडं काय आहे?" एकानं विचारलं. संस्कृती म्हणाली, "मनं जुळली की..." आणि स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकून तिनं खोक्यावरची ती ओळ हातानं झाकली. त्यातले दोघं पक्के मित्र होते, ते तर चक्क भांडले. "तुला एवढं पण कळत नाही का?" असं एक म्हणाला, आणि दुसरा कॉफी अर्धी टाकून उठून गेला. पाहुणे रुसणं समजू शकतो, इथं खेळणारेच रुसायला लागले.

"टेन्शन नको लेऊस," याह्या म्हणाला, पण त्याचंच तोंड एवढंसं झालं होतं. "रविवारी चाय फुकट ठेवतो. लोक चाय के वास्ते तो बैठेंगे."

शुक्रवारी दुपारी ती घरी आली तेव्हा सतरंजी पडली होती पण लक्ष्मीबाई फर्दापूरला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. तिघींना चौथी हवी होती. संस्कृतीला आता आरपार बघायचं होतं. बाहेरून कळत नाही ना, मग आत बसू. "मी बसते," ती म्हणाली. रत्नमालाबाईंनी तोंड उघडलं, पण खेळच पोरीचा, तिला उठवणार तरी कसं? संस्कृती गोजरमावशींच्या समोर बसली. पानं पिसली, वाटली.

गोजरमावशींनी एक पाहुणा पालथा ठेवला आणि हनुवटी खाजवली. संस्कृतीनं डोळे मिटले, मन जुळवायचा प्रयत्न केला, आणि शाल टाकली. पाहुणा रुसला. मावशींनी दुसरा ठेवला आणि खोकल्या. संस्कृतीनं फोटो टाकला. रुसला. मावशी पुन्हा खोकल्या, जरा जोरात. पुन्हा खोकल्या. संस्कृती पटकन उठली आणि माठातलं पाणी घेऊन आली.

"घ्या मावशी, प्या."

मावशी पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी फक्त तांब्याकडं बघितलं. मग पुढचा पाहुणा ठेवून त्या कान चोळायला लागल्या. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. समोर रत्नमालाबाईंचं आणि महेजबीन खालांचं आपलं आरामात चाललं होतं, त्यांचा मांडव भरला होता.

"कान दुखतोय का मावशी?" संस्कृती काळजीनं म्हणाली. "तेल गरम करून आणू?"

"अगं बये, आत्या हाय, आत्या!" गोजरमावशींचा बांध फुटला. "माइकवर नाव घे तिचं! कान चोळून चोळून तुटायची येळ आली माझ्या कानाची, अन् ही तेल आणतीया!"

संस्कृतीनं एकेकीकडं बघितलं. गोजरमावशी पानांमागं लपल्या. महेजबीन खाला छताकडं बघत होत्या. आणि रत्नमालाबाई, तिची स्वतःची जन्मदाती आई, बोटातली अंगठी फिरवता फिरवता थिजल्या होत्या.

"मम्मी," संस्कृती म्हणाली, "ती अंगठी काय आहे?"

"कोणती?"

"मम्मी!"

"काय नाय गं, सैल झालीय."

"अन् खाला, ओढणी? मघापासून उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं?"

"गर्मी है," महेजबीन खाला म्हणाल्या. पंखा फुल होता.

"आता कामून नाटकं करता?" गोजरमावशींना राहवेना, कारण एकट्यानं पकडलं जाण्याइतकं वाईट काही नसतं. "हिची अंगठी म्हंजे मामा. हिची ओढणी डावीकडं गेली की मास्तर. आमाला ठाऊक नाय व्हय? आमी आंधळ्या हाव का?"

"तुम्हाला ठाऊक होतं?" रत्नमालाबाई किंचाळल्या.

"मेंढीकोटापासनं ठाऊक हाय!"

"मग तुमच्या त्या खोकल्याचं आम्हाला नाय माहीत व्हय? बारा महिने तेरा काळ खोकता तुम्ही, तरी कधी डॉक्टरकडं जात नाय!"

मग जे काही झालं त्याला भांडण म्हणायचं की वरात, हे तुम्हीच ठरवा. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या, एकमेकींच्या खुणा काढून दाखवत होत्या, शपथा घेत होत्या आणि मोडत होत्या. आणि संस्कृती मधोमध बसून आधी रडली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली. तिच्या लॅपटॉपमधला सगळा हिशोब, कुठला पाहुणा किती वेळा रुसला, कुठला डाव किती रंगला, सगळं पाण्यात! चार चोरांनी एकमेकांना लुटलं होतं आणि ती बाजूला बसून त्याला 'मनं जुळणं' म्हणत होती.

"पण नियमात स्पष्ट लिहिलंय खुणा करायच्या नाहीत," ती म्हणाली.

रत्नमालाबाईंना खरंच कळेना. "ते लिहावंच लागतं," त्या म्हणाल्या. "मेंढीकोटातबी तसंच असतं. पण मेंढीकोट काय कुणी मुकाट्यानं खेळतं व्हय? मग खेळायचं कशाला?"

आणि तिथं, त्या वाक्यावर, पोरीच्या डोक्यात ट्यूब पेटली. लहानपणी तिला सतरंजीवर बसू दिलं असतं तर हे तिला पाचवीतच कळलं असतं. खेळ पानांत नव्हताच. खेळ त्या अंगठीत होता, ओढणीत होता, खोकल्यात होता, आणि समोरची चोरी पकडता पकडता आपली करण्यात होता. कॉलेजच्या पोरांनी नियम पाळला, म्हणून खेळ मेला.

"तुमच्या खुणा मला द्या," ती घाईनं म्हणाली. "सगळ्या. मी पुस्तिकेत छापते. आत्यासाठी हे, मामासाठी हे. लोक तेच करतील!"

चौकडी एकमेकींकडं बघायला लागली. म्हणजे तिघी. भांडण कुठच्या कुठं गेलं.

"छापती?" महेजबीन खाला म्हणाल्या. "बेटा, ये घर की बात है. छापते नहीं."

संस्कृतीला वाटलं, मेंढीकोटात हरायची भीती. पण तसं नव्हतं. खालांनी तिला मग सांगितलं, थोडं मराठीत, थोडं दखनीत, मध्येच लाजून. ती ओढणी नुसती पत्त्यांची नव्हती. खालांच्या मुलाच्या लग्नात ऐन गर्दीत बिर्याणी कमी पडायला लागली, तेव्हा मांडवाच्या त्या टोकाहून खालांनी ओढणी सरकवली आणि या टोकाला रत्नमालाबाईंनी उठून वऱ्हाडाला असं काही गप्पांत गुंतवलं, की दुसरी देग येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. हळदीकुंकू असो, मयत असो, सोसायटीची मीटिंग असो, अंगठी दोनदा फिरली की त्याचा अर्थ 'मला इथून काढ, काहीतरी कारण सांग.' दोघींच्या नवऱ्यांनासुद्धा हे माहीत नव्हतं. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली तरी नव्हतं.

संस्कृती ओशाळली. "राहू द्या मग," ती म्हणाली.

रत्नमालाबाई पानं हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी खालांकडं बघितलं. खुणेनं नाही, सरळ. "महेजबीन," त्या म्हणाल्या, "पोरीचा रविवार हाय गं."

खालांनी एक लांब उसासा टाकला. "ले, छाप," त्या म्हणाल्या. "हम नया बना लेंगे. बुढापे में और काम क्या है?"

आता तुम्ही म्हणाल, झालं, मिळाल्या खुणा. पण त्या दोघी ज्या सुरात बोलल्या ना, तो ऐकून संस्कृतीनं लॅपटॉपकडं नेलेला हात मागं घेतला. माझ्या खेळापायी या दोघींनी आपली भाषा देऊन टाकायची? आणि दिली तरी उपयोग काय? खालांची ओढणी त्या कॉलेजच्या पोरांच्या कुठल्या कामाची? समोरच्याही जोडीनं पुस्तिका वाचलेली असणार, मग चोरायचं काय आणि पकडायचं काय?

"नको," ती म्हणाली. "ज्यानं त्यानं आपापल्या बनवायच्या."

आणि तिथंच, सतरंजीवर, तिघींच्या साक्षीनं नवा नियम जन्माला आला. खेळाआधी प्रत्येक जोडीनं बाजूला जायचं आणि चहाला उकळी येईपर्यंत आपल्या खुणा ठरवायच्या. उकळी आली की परत. मग बोलायचं अजिबात नाही, पण खुणा करायच्या, करायच्याच. समोरच्याची खूण पकडली तर "चोर!" म्हणून ओरडायचं. पकड बरोबर निघाली तर त्यांचा पाहुणा उठून तुमच्या मांडवात जेवायला येतो.

"अन् चुकीची निघाली तर?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"तर तुमचा जातो. पण बरोबर की चूक ते टेबलावरचे सगळे मिळून ठरवणार."

"म्हंजे भांडण," गोजरमावशी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की ज्याचं नाव ते. "हां, आता लग्न वाटाया लागलं!"

शनिवारभर संस्कृतीनं प्रत्येक पुस्तिकेत जुना नियम पेनानं खोडून नवा लिहिला. हात दुखला पण तोंडातलं गाणं थांबेना. गाणं कसलं, कुठल्याशा जाहिरातीचं. रत्नमालाबाई बाहेरून ते ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "करार ध्यानात हाय ना? लोकांना नाय आवडला तर सोमवारी चिकलठाणा." गाणं तेवढ्यापुरतं थांबलं आणि परत सुरू झालं.

रविवारी उस्मानपुऱ्यात याह्याच्या कॅफेत माणसं जमली. काही इन्स्टाग्रामवाली, काही फुकट चहावाली, सतरंजीवरच्या तिघी, गुरुवारच्या पोरांपैकी ते दोघं मित्र (एकमेकांशी अबोला धरून, पण सोबत आलेले), आणि दारातून मिशी आत आली, मागून सर्जेराव सर, मागून त्यांच्या मिसेस. "तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, म्हटलं बघावं तरी," सर म्हणाले. "आणि सोमवारचं बोलूनही घेऊ." साहेब तिला न्यायलाच आले होते, आणि आईनं त्यांना लगेच चांगली खुर्ची दिली.

याह्यानं गॅसवर पातेलं चढवलं. "जोड्या बाजूला! उकळी येईपर्यंतच टाइम!"

तुम्ही ते बघायला हवं होतं. मोठी मोठी माणसं फ्रिजच्या मागं, जिन्यात, बेसिनपाशी उभी राहून कुजबुजायला लागली. कुणी भुवया उडवून बघतोय, कुणी नाक खाजवून. "ते नको, ते मी नेहमीच करते!" असं कुणीतरी ओरडलं. सर्जेराव सर आणि मिसेस बेसिनच्या आरशासमोर उभे होते आणि मिसेस म्हणत होत्या, "अहो, मिशी हलवता येते का तुम्हाला? हलवून दाखवा बघू." याह्यानं ओरडून सांगितलं की उकळी आली, तर सगळ्यांनी मिळून त्याला गॅस बारीक करायला लावला.

मग सगळे बसले, आणि कॅफे शांत झाला. पार शांत. संस्कृती काउंटरपाशी पातेल्याचं झाकण छातीशी धरून उभी होती. पहिला पाहुणा पालथा पडला. दुसरा पडला. कुणी बोलेना, कुणी हसेना. संपलं, तिला वाटलं. परत बाटली, परत चमचा.

"ए! ए! घड्याळ बघितलं त्यानं! तिसऱ्यांदा बघितलं!" गुरुवारच्या पोरांपैकी एक टुणकन उभा राहिला. "चोर!"

"चोर!" त्याचा रुसलेला मित्रही ओरडला, आणि दोघांनी अबोला विसरून टाळी दिली.

आणि मग जे फुटलं ना! प्रत्येक टेबलावरून चोर, चोर. खुर्च्या सरकल्या, चहा सांडला, एका आजोबांनी कवळी सरकवून खूण केली आणि ती पकडली गेल्यावर "ती आपोआप सरकते" असा बचाव केला. गोजरमावशी परीक्षक असल्यासारख्या टेबलाटेबलांतून फिरत होत्या. "असं खोकतात व्हय? खोकला वाटला पायजे!" सर्जेराव सरांनी मिशी हलवली की मिसेसना हसू आवरेना, आणि मिसेस हसल्या की सगळ्या कॅफेला कळायचं की मामा आलाय. सर धडाधड हरत होते आणि जिंकेपर्यंत थांबायला तयार नव्हते. संस्कृतीच्या हातातलं झाकण केव्हाच खाली पडलं होतं. तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. दोन मारल्यासुद्धा, काउंटरच्या मागं, कुणी बघत नाही असं समजून. सगळ्यांनी बघितल्या.

सरांच्या टेबलावरची समोरची जोडी उठली. तिथं रत्नमालाबाई आणि महेजबीन खाला बसणार होत्या. खाला खुर्चीपर्यंत गेल्या, थांबल्या, आणि संस्कृतीला हाताला धरून तिथं बसवलं. "तू बैठ," त्या म्हणाल्या. "मैं चाय पीती."

"तिला नाय येत," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"तो सिखा ना! माँ है ना तू?"

मग मायलेकी याह्याच्या स्वयंपाकघरात गेल्या. पातेल्याच्या वाफेत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कुणालाच सुरुवात सुचेना. रत्नमालाबाई पदराशी चाळा करत होत्या. पोरीशी त्या अभ्यासाबद्दल बोलल्या होत्या, नोकरीबद्दल, स्थळांबद्दल. असं चोरून काही ठरवायची वेळ कधी आली नव्हती. "आत्याला काय ठेवू?" त्यांनी अखेर विचारलं, एकदम हळू, पोरीच्या वयाच्या होऊन. संस्कृतीनं नाक मुरडून दाखवलं. "अगदी तुझ्या आत्यासारखं," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि दोघींना जे हसू फुटलं ते उकळी आली तरी थांबेना.

डाव बसला. सर्जेराव सर आता जाणकार झाले होते, त्यांनी बाह्या वर केल्या होत्या. दोन पाहुणे इकडं जेवले, एक तिकडं रुसला. संस्कृतीच्या हातात शेवटचा पाहुणा राहिला, तो तिनं पालथा ठेवला आणि आईकडं बघितलं. तेवढ्यात सरांना आपण कशासाठी आलो होतो ते आठवलं.

"बरं, रत्नमालाबाई," ते म्हणाले, "मग सोमवारी पाठवताय ना हिला? खुर्ची पुसून ठेवलीय."

पाहुणा पडून होता.

रत्नमालाबाईंनी पानांवरून नजर उचलली नाही. "सर, डाव चालू असताना बोलायचं नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचा नियम हाय. अन् सोमवारी तिला छापखान्यात जायचंय. ती खुर्ची देऊन टाका कुणाला तरी, पोरगी कामात हाय."

संस्कृतीला समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं. आईचा चेहरा, पानं, सरांची मिशी, सगळं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"चोर!" सरांच्या मिसेस टेबलावर थाप मारून उभ्या राहिल्या. "डोळे पुसले तिनं! मी बघितलं! खूण आहे!"

"खूण नाय ती!" रत्नमालाबाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

"दोघींनी केली! दोघींनी!" सर आनंदानं ओरडले, आणि सगळा कॅफे निवाडा करायला टेबलाभोवती गोळा झाला. मायलेकी शपथा घेऊन सांगत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि जितकं पुसत होत्या तितकी त्यांच्यावरची चोरी घट्ट होत होती. शेवटी कुणीच त्यांचं ऐकलं नाही. पाहुणा सरांच्या मांडवात गेला, आणि रत्नमालाबाईंनी पानं गोळा करून पोरीकडं सरकवली, "पिस गं, आता सोडायचं नाय यांना."